पिकअप घाटात दम सोडते? पंप उघडण्याआधी डिझेलचा रस्ता तपासा

माल तोडून, प्रतवारी करून, क्रेट भरून गाडी रस्त्याला लागली की आपल्याला वाटते, आपले काम झाले. पण भाव मिळतो तो गाडी लिलावाच्या वेळेत पोहोचली तरच. मागच्या हंगामात संगमनेर भागातील एका टोमॅटो उत्पादकाचा भर दुपारी फोन आला. नारायणगावच्या बाजाराला निघालेली त्याची पिकअप चंदनापुरी घाटात बंद पडली होती. गाडीत ७० क्रेट माल होता. त्याला इंजिनाविषयी काही विचारायचे नव्हते. ताडपत्रीखाली माल उद्या सकाळपर्यंत टिकेल का, एवढेच त्याला हवे होते. मी सांगितले, ताडपत्री घट्ट आवळून ठेवली तर नाही टिकणार. वर सावली करा, बाजूने हवा खेळू द्या आणि जमेल तर दुसरी गाडी करून माल आजच हलवा.

माल त्याने हलवला. गाडीचे मात्र दीड दिवस चालले. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर 'रेल प्रेशर कमी' असा कोड आला आणि पंप व नोझल उतरवावे लागतील, असे सांगून पाच आकडी खर्च पुढे ठेवला गेला. प्रत्यक्षात दोष निघाला फिल्टरजवळच्या वीतभर रबरी पाइपात.

आपल्याकडे पान पिवळे दिसले की लगेच सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी होते. मुळाशी पाणी साचले आहे का, हे पाहिले जात नाही. डिझेल इंजिनाचेही तसेच आहे. 'प्रेशर कमी' हा कोड (पी ००८७) इंजिन उपाशी आहे एवढेच सांगतो. ते का उपाशी आहे, हे तो सांगत नाही. चोंदलेला फिल्टर, हवा घेणारा पाइप आणि झिजलेला पंप या तिन्हींमुळे हाच कोड येऊ शकतो. त्यामुळे तपासणी स्वस्त बाजूने, म्हणजे टाकीकडून सुरू करा.

डिझेल कुठून कुठे जाते

टाकीत तळाजवळ डिझेल उचलणारी नळी असते. बहुतेक गाड्यांत तिच्या तोंडाला जाळी असते. तिथून पाइपाने डिझेल फिल्टरकडे येते. फिल्टरच्या डोक्यावर किंवा पाइपात हाताने दाबायचा प्रायमर असतो. फिल्टरच्या तळाशी पाणी साठायची जागा आणि ते सोडायचा स्क्रू असतो. पुढे डिझेल पंप, त्यापुढे जाड पोलादी नळ्या आणि नोझल. नोझलमधून उरलेले डिझेल परतीच्या पाइपाने टाकीत येते.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे घोळ इथेच होतात. अनेक पिकअपमध्ये टाकीत ढकलणारा पंप नसतो. डिझेल ओढणारा पंप पुढे, मुख्य पंपाच्या अंगालाच असतो. म्हणजे टाकीपासून तिथपर्यंतचा सगळा पाइप ओढीखाली असतो. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपासारखा. फुटव्हॉल्व्ह गळत असेल किंवा सक्शनच्या जोडातून हवा येत असेल, तर पंप पाणी सोडतो आणि जोडाबाहेर पाण्याचा थेंबही दिसत नाही. इथेही तसेच. इंजिन चालू असताना ओढीखालचा पाइप चिरला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून 'कुठे ओल दिसत नाही, म्हणजे पाइप ठीक' असे कोणी म्हटले तर मान डोलावू नका. तुमच्या गाडीत टाकीमध्ये विजेचा पंप असेल तर चावी फिरवल्यावर काही सेकंद त्याचा बारीक घुंईऽ आवाज येतो. तो आवाजच येत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहा.

धुराकडे बघा

बॉनेट उघडण्याआधी एकाला सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरकडे उभे राहा. इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे आणि धूर अजिबात येत नाही, तर नोझलपर्यंत डिझेल पोहोचत नाही किंवा गाडीचा संगणक नोझल उघडू देत नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेल येते आहे पण जळत नाही. तेव्हा हिटर प्लग, कॉम्प्रेशन, थंडी आणि डिझेलमधले पाणी यांचा विचार करा.

गाडी चालू आहे, ओढत नाही आणि काळा धूर मारते, तर तो पुरवठ्याचा दोष सहसा नसतो. डिझेल भरपूर आहे, हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर धुळीने भरला असेल किंवा टर्बोचा पाइप निसटला असेल. शेतरस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा एअर क्लीनर शहरातल्या गाडीपेक्षा फार लवकर भरतो. काळ्या धुरावर डिझेल फिल्टर बदलून पैसे घालवलेले अनेक जण मला माहीत आहेत. उलट धूर नाही, अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी जागची पुढे सरकत नाही, आचके देते, तर पुरवठ्याकडे वळा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धूर फिल्टरमध्येच अडतो, त्यामुळे धुराची खूण तिथे नीट मिळत नाही. तो फिल्टर काजळीने भरला तरी गाडी जोर कमी करते. अशा वेळी डॅशबोर्डवर कोणता दिवा लागला आहे, ते आधी पाहा.

कधी बंद पडते, हे लिहून ठेवा

गाडी गॅरेजला नेताना 'चालत नाही' एवढेच सांगू नका. केव्हा चालत नाही, ते सांगा.

सकाळी लगेच चालू होते, अर्धा-एक मिनिट चालते आणि बंद पडते. मग बराच वेळ सेल्फ मारल्यावर कशीबशी पेट घेते. हे रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरल्याचे लक्षण आहे. कुठेतरी हवा शिरते आहे, किंवा डिझेल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह गळतो आहे. थंडीत निफाड भागात याचे खापर हमखास गारठ्यावर फोडले जाते. पण गारठ्याने त्रास होतो तो पेट घ्यायला. एकदा व्यवस्थित चालू झालेले इंजिन मिनिटाभराने बंद पडले तर पाइप पाहा.

रिकामी गाडी छान चालते, भरलेली गाडी चढाला मरते. हे लक्षण चोंदलेल्या फिल्टरचे किंवा टाकीतल्या जाळीचे. सपाटीला इंजिनाला डिझेल थोडे लागते, तेवढे चोंदलेल्या फिल्टरमधूनही येते. घाटात मागणी वाढते आणि तेवढे येत नाही. ठिबकच्या फिल्टरवर एक व्हॉल्व्ह चालवला तर दाब ठीक दिसतो, दोन उघडले की शेवटचे ड्रिपर कोरडे पडतात, तोच प्रकार. इथे आणखी एक साधे कारण असू शकते. टाकीत डिझेल तळाला असेल तर चढावर ते मागे सरकते, नळीचे तोंड उघडे पडते आणि पाइपात हवा जाते. काटा रिझर्व्हवर ठेवून भरलेली गाडी घाटाला घालू नका. कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचेच असते. तो कोरडा फिरला तर खरोखरच नवा घ्यावा लागतो.

वीस-पंचवीस मिनिटे चालून बंद पडते, दहा मिनिटे थांबल्यावर आपोआप चालू होते. आधी टाकीचे झाकण सोडा. सूंऽ करून हवा आत ओढली गेली, तर झाकणातला किंवा टाकीचा श्वास घेण्याचा मार्ग मातीने बंद आहे. डिझेल कमी होत जाते, तेवढी हवा आत येत नाही, टाकीतच ओढ तयार होते. तात्पुरती खात्री करायची तर झाकण सैल ठेवून थोडे अंतर चालवून पाहा. झाकणात दोष नसेल, तर टाकीतला कचरा नळीच्या तोंडाशी जाऊन चिकटत असेल. इंजिन बंद झाले की ओढ संपते आणि कचरा खाली बसतो.

गार असताना चालू होते, पण तापल्यावर बंद केली तर पुन्हा लागता लागत नाही. कॉमन रेल गाडीत हे मात्र नोझलची परती जास्त झाल्याचे किंवा पंप झिजल्याचे लक्षण असू शकते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या जागेतून जास्त निसटते. अशी गाडी घेऊन आलेल्या मेकॅनिकशी पाइपावरून वाद घालत बसू नका.

फिल्टर आणि पाणी

फिल्टरखालचा स्क्रू सोडून पहिले पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड असते, ते तळाशी स्वच्छ वेगळे दिसते. थोडे थेंब असतील तर शुद्ध डिझेल येईपर्यंत सोडत राहा. बाटलीभर पाणी निघाले तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. पाण्याचा दिवा पेटला असताना 'बाजारातून येताना बघू' असे म्हणून निघू नका. पाण्याने कॉमन रेलच्या नोझलचे टोक आणि पंपाचे आतले भाग खराब होतात.

बाटलीत तपकिरी-काळा, शेंबडासारखा चिकट गाळ दिसला तर तो नुसता कचरा नाही. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या पातळ थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात. हॉर्मोकोनिस रेझिनी ही बुरशी यासाठी प्रसिद्धच आहे. तिला डिझेलमधून खाद्य मिळते, राहायला पाणी लागते. उपायही रोगशास्त्रातलाच: पाणी काढा, वाढ थांबते. पाणी तसेच ठेवून फिल्टर कितीही बदलले तरी महिन्याभरात पुन्हा चोंदतात.

नवा फिल्टर बसवताना त्यात डिझेल ओतून भरायची जुनी सवय कॉमन रेल गाडीत सोडा. मधल्या भोकातून ओतलेले डिझेल न गाळता थेट पंपाकडे जाते. फिल्टर कोरडा बसवा आणि प्रायमर दाबून भरा. जुने रबरी रिंग डोक्याला चिकटून राहिले नाही ना, हे बोट फिरवून पाहा. एकावर एक दोन रिंग बसली की तिथूनच हवा जाते, आणि 'सर्व्हिसिंग केल्यापासून गाडी बिघडली' अशी तक्रार सुरू होते.

प्रायमर आणि पारदर्शक पाइप

आता हवेचा माग काढू. प्रायमर दाबत राहा. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर तो कडक झाला आणि तसाच राहिला तर चांगले. कितीही दाबला तरी मऊच राहतो, तर मागून हवा येते आहे किंवा टाकीत डिझेल नाही. रबरी फुगा असेल आणि दाबल्यावर तो चपटाच राहतो, परत फुगत नाही, तर मागे रस्ता अडलेला आहे: जाळी, दबलेला पाइप किंवा टाकीचा श्वास.

मग फिल्टरमधून पंपाकडे जाणाऱ्या पाइपात वीतभर पारदर्शक डिझेल पाइप क्लिपा लावून जोडा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला काही बुडबुडे येतील, ते जोडताना शिरलेल्या हवेचे. दोन-तीन मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालूच राहिली, तर हवा अलीकडून येते आहे. हाच तुकडा फिल्टरच्या आधी लावा. तिथे बुडबुडे नसतील तर दोष फिल्टरच्या रिंगमध्ये, स्क्रूत किंवा प्रायमरमध्ये. तिथेही असतील तर आणखी मागे सरका. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा सोडले की नवेच टाका. जुने पुन्हा आवळून नीट बसत नाहीत.

कॅन टांगून पाहा

संगमनेरच्या त्या गाडीचा निकाल लावला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या फिटरने. त्याने टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप सोडला, पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल भरले आणि कॅन बॉनेटच्या उंचीला बांधून त्यातून नवा पाइप थेट फिल्टरला जोडला. परतीचा पाइप टाकीतच ठेवला. गाडी पहिल्या सेल्फला लागली आणि रेस केली तरी दबली नाही. म्हणजे फिल्टर, पंप, नोझल तिन्ही ठीक. दोष कॅनने वगळलेल्या भागात, म्हणजे टाकी ते फिल्टर एवढ्यातच. मग शोधायला अर्धा तास लागला. चेसिसच्या कडेला घासून रबरी पाइप वळणावर खालच्या बाजूने चिरला होता. वरून हात फिरवून काही कळत नव्हते.

हीच चाचणी उलट्या अर्थानेही उपयोगी आहे. कॅनवरही गाडी दबत असेल तर टाकी उतरवण्यात वेळ घालवू नका, दोष पुढे आहे. चाचणी गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून करा. कॅन तापलेल्या सायलेन्सरपासून, टर्बोपासून आणि फिरत्या पट्ट्यापासून दूर बांधा. कॅन लावून रस्त्यावर गाडी चालवू नका.

एअर काढताना जुनी आणि नवी गाडी एक समजू नका

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा आणि पंपावरचा स्क्रू सैल करून, बुडबुडे संपेपर्यंत प्रायमर मारून एअर काढतात. शेवटी सेल्फ मारत नोझलचे नट सैल करून उरलेली हवा काढतात. त्या गाडीत पंपावरचा स्टॉप सोलेनॉइडही पाहून घ्या. चावी फिरवल्यावर 'टक्' आवाज आला नाही तर कदाचित नुसती वायर निघालेली असेल.

कॉमन रेल गाडीत नोझलचे नट सैल करायला कधीही जाऊ नका. तिथला दाब १,००० बारच्या पुढे जातो. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत डिझेल पसरते आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर पट्टी बांधून घरी थांबू नका, त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि 'दाबाने डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगा. पोलादी नळ्यांवर गळती शोधायला हात फिरवू नका. इंजिन बंद केल्यावरही काही वेळ दाब राहतो. या गाडीत तुमचे काम फिल्टरपर्यंत, पुढचे मेकॅनिकचे.

मेकॅनिककडे काय मागायचे

टाकी, पाइप, फिल्टर, हवा हे सगळे तपासून झाले तरच पंप-नोझलची पाळी. तेव्हाही आधी सर्व नोझल उतरवू नका. परतीची चाचणी करा असे सांगा. प्रत्येक नोझलच्या परतीला एकसारखी बाटली लावतात आणि ठरावीक वेळ इंजिन चालवतात. तीन बाटल्या सारख्या भरल्या आणि चौथी दुप्पट भरली, तर दोषी नोझल तुमच्या डोळ्यांसमोर आहे. स्कॅनरवर सेल्फ मारतानाचा आणि रेस केल्यावरचा प्रत्यक्ष रेल दाब, शेजारी संगणकाने मागितलेला दाब, हे दोन आकडे तुम्हाला दाखवा म्हणावे. सपाटीला दोन्ही जुळतात आणि भाराखाली प्रत्यक्ष दाब मागे पडतो, तर पुरवठा पुन्हा एकदा तपासा. चांगला मेकॅनिक या मागणीवर चिडत नाही.

शेतावरचे डिझेल

ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये आणून ठेवलेले डिझेल अडीनडीला पिकअपमध्ये ओतले जाते, आणि पाण्याचा मोठा वाटा तिथूनच येतो. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या तोंडाशी पावसाचे पाणी साचते आणि बुचातून आत झिरपते. ड्रम सावलीत, किंचित कलता, बूच उंच बाजूला येईल असा ठेवा. पाइप तळापर्यंत घालू नका, खालचे चार बोटे डिझेल सोडा. जस्ताचा मुलामा असलेल्या ड्रममध्ये डिझेल साठवू नका. पाइप तोंडाने ओढून डिझेल काढायची सवय तर ताबडतोब बंद करा. घोट फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते. कोणी डिझेल गिळले तर उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. हातपंप फार महाग नाही.

हंगामाआधी फिल्टर बदलून घ्या आणि त्याच्या अंगावर मार्करने तारीख व किलोमीटर लिहा. सीटखाली एक जादा फिल्टर, चार क्लिपा, तांब्याचे वॉशर, वीतभर पारदर्शक पाइप आणि झाकणाची रिकामी काचेची बाटली ठेवा. संगमनेरच्या त्या शेतकऱ्याने आता यात डिझेलचा दोन हात रबरी पाइपही ठेवला आहे.